आयपीकॅल्क

आयपीकॅल्क हे लिनक्सच्या टर्मिनलवर चालणारे, सबनेटचा (मोठ्या नेटवर्कमधल्या लहान तुकड्याचा) हिशेब मांडून दाखवणारे छोटे साधन आहे. त्याला आयपी पत्ता आणि मास्क (पत्त्यातले किती बिट नेटवर्कचे हे सांगणारा आकडा) दिला की नेटवर्कचा पत्ता, ब्रॉडकास्ट (सबनेटमधल्या सगळ्यांना एकदम संदेश देण्याचा पत्ता), वापरता येणारा पहिला व शेवटचा पत्ता आणि होस्टची, म्हणजे जोडता येणाऱ्या यंत्रांची, संख्या मिळते. सबनेटची पद्धत १९८५ मध्ये आरएफसी ९५० या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने ठरली. पुढे १९९३ मध्ये सीआयडीआर ही वर्गांशिवाय पत्ते वाटण्याची पद्धत आली, पत्त्यांच्या ए-बी-सी वर्गांची चौकट मोडली आणि मास्क /२६ असा (म्हणजे पहिले २६ बिट नेटवर्कचे) लिहिण्याची रीत रुळली.

उबंटू किंवा डेबियनवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल आयपीकॅल्क’ एवढ्यावर काम भागते. (आज्ञा येथे उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत, टंकताना अक्षरे रोमन आणि अंक इंग्रजीच हवेत.) ‘आयपीकॅल्क १९२.१६८.१०.४५/२६’ असे दिले की पत्त्याच्या ओळीसमोर हे बिट दिसतात:

११००००००.१०१०१०००.००००१०१०.०० १०११०१

शेवटच्या भागात दोन बिटांनंतर सोडलेली जागा हीच नेटवर्क आणि होस्ट यांमधली हद्द. नवशिक्याला सबनेट समजते ते बहुधा या एका मोकळ्या जागेमुळे. खालच्या ओळींत मास्क २५५.२५५.२५५.१९२, नेटवर्क .० (म्हणजे १९२.१६८.१०.०), ब्रॉडकास्ट .६३ आणि होस्ट ६२ असा निकाल येतो. तोंडी पडताळाही सोपा आहे: २५६ मधून १९२ वजा केले की ६४ उरतात, म्हणून /२६ चे प्रत्येक सबनेट ६४ च्या पाढ्यावरच सुरू होते: ०, ६४, १२८, १९२. सबनेट .७० पासून सुरू होईल असे समजून कोणी .७०/२६ दिले तर साधन तक्रार करत नाही, मुकाट्याने .६४ चे नेटवर्क दाखवते.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एखादा टॉवेल-चादरीचा कारखाना धरू. ५० कॅमेरे, ऑफिसात संगणक-प्रिंटर मिळून २४, मागांवरचे १२ कंट्रोलर आणि गोदामाकडे जाणारा दोन टोकांचा दुवा. प्रत्येक गटात गेटवेचा (गटाबाहेर जाण्याच्या दाराचा) एक पत्ता वाढवायचा, कॅमेऱ्यांच्या गटात एनव्हीआरचाही (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचाही); दुव्याला मात्र दोनच पुरतात. मग ‘आयपीकॅल्क १९२.१६८.१०.०/२४ -एस ५२ २५ १३ २’ दिल्यावर .०/२६, .६४/२७, .९६/२८ आणि .११२/३० अशी वाटणी होते. ११६ पत्ते खर्ची पडतात, आणि .११६/३०, .१२०/२९, .१२८/२५ हे तुकडे शिल्लक म्हणून वेगळे दाखवले जातात. हाताने वाटणी करताना मोठा गट आधी घ्यावा. लहान गट आधी बसवला तर मोठ्याला त्याच्या पाढ्यावरची पुढची जागा शोधावी लागते आणि मधले पत्ते वाया जातात. मागांच्या गटाला येथे १४ पैकी १३ पत्ते लागले आहेत. आणखी दोन कंट्रोलर आले की तो गट फुटतो. अशा ठिकाणी पहिल्यापासून /२७ घेतलेला बरा. १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या अशा खासगी पत्त्यांना भाडे पडत नाही.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक मास्कची. वरच्या मांडणीत एनव्हीआर .१० वर आणि कॅमेरे .११ ते .६० वर आहेत. बसवणाऱ्याने सगळ्या कॅमेऱ्यांत २५५.२५५.२५५.१९२ ऐवजी २५५.२५५.२५५.२२४ भरले, तर .३० पर्यंतचे २० कॅमेरे व्यवस्थित दिसतात आणि .३१ पासून पुढचे दिसत नाहीत. मग केबल बदलली जाते, स्विचवर संशय घेतला जातो. ‘आयपीकॅल्क १९२.१६८.१०.४०/२७’ दिले की कारण समोर येते: त्या कॅमेऱ्याचे नेटवर्क .३२ पासून सुरू होते, म्हणजे एनव्हीआर त्याच्या दृष्टीने बाहेरचा, आणि .१ वरचा गेटवेही बाहेरचाच. विनंती पोहोचते, उत्तराला वाट नसते.

दुसरा घोळ नावाचा. डेबियनचे आयपीकॅल्क पर्लमध्ये लिहिलेले आहे, फेडोरा-रेडहॅटचे सी भाषेत. नाव एकच, पर्याय निराळे. डेबियनमध्ये ‘-एस’ म्हणजे वाटणी, तर फेडोरात लहान ‘-एस’ने फक्त चुका सांगणारे संदेश दाबले जातात. ‘-एन’ एकीकडे रंग बंद करते, दुसरीकडे नेटवर्कचा पत्ता छापते. स्क्रिप्ट एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना हे आधी तपासावे. आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी, लांब पद्धत) साठी सिपकॅल्क हे वेगळे साधन वापरतात.

आयपीकॅल्क फक्त गणित करते. तो पत्ता दुसरीकडे वापरात आहे की नाही हे त्याला कळत नाही. सोलापूरचा कारखाना आणि पुण्याचे ऑफिस दोन्हीकडे राउटरने आपसूक दिलेले १९२.१६८.१.०/२४ असेल, तर दोन्ही हिशेब बरोबरच येतात. व्हीपीएन (दोन ठिकाणची नेटवर्क इंटरनेटवरून जोडणारा खासगी दुवा) जोडल्यावर मात्र सोलापूरचा संगणक पुण्याचा पत्ता आपल्याच खोलीतला समजतो आणि पॅकेट राउटरकडे जातच नाही. एका बाजूचे पत्ते बदलावे लागतात, उदाहरणार्थ १०.२०.१.०/२४.