हरणाच्या शिकारीसाठी मॅग्नम काडतुसांची निवड

.३५७, .४१ व .४४ मॅग्नम (आकडे म्हणजे गोळीचा इंचांतील ढोबळ व्यास) ही जोरकस काडतुसे मुळात रिव्हॉल्व्हरसाठी बनली. आखूड, हलक्या रायफलीतून (कार्बाइन) ती हरणाच्या शिकारीला वापरण्याची पद्धत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत चांगलीच रुजलेली आहे. सावज बहुधा पांढऱ्या शेपटीचे हरीण असते. झाडी दाट असते आणि बार साधारणपणे शंभर यार्डांच्या आतच टाकावा लागतो. अशा ठिकाणी लांब पल्ल्याच्या रायफलीची गरज भासत नाही. कमी धक्क्याची, झाडीतून सहज वागवता येणारी कार्बाइन पुरेशी होते, मात्र तिच्यात घातलेली गोळी योग्य हवी.

रायफल आणि रिव्हॉल्व्हर दोन्हींत एकच काडतूस वापरण्याची सोय जुनी आहे. विंचेस्टरच्या १८७३ च्या रायफलीचे .४४-४० काडतूस पुढे कोल्टच्या रिव्हॉल्व्हरमध्येही चालू लागले, आणि कमरेच्या एकाच पट्ट्यातून दोन्ही हत्यारे भरता येऊ लागली. स्मिथ अँड वेसन व विंचेस्टर या कंपन्यांनी .३५७ मॅग्नम १९३५ मध्ये आणले. .४४ मॅग्नम १९५५ च्या अखेरीस आले. त्यामागे एल्मर कीथ या शिकारी-लेखकाने अनेक वर्षे धरलेला आग्रह होता. त्यानंतर काही वर्षांतच रुगर या बंदूक-कंपनीने या काडतुसासाठी स्वयंभरणी कार्बाइन काढली. १९६९ पासून मार्लिन कंपनीची १८९४ ही लिव्हर रायफल (खालचा दांडा ओढून पुढचे काडतूस भरायची) .४४ मध्ये मिळू लागली.

निवडीचा खरा प्रश्न नळीच्या लांबीतून उभा राहतो. रिव्हॉल्व्हरच्या आखूड नळीत दारूचा वायू गोळीला फार थोडे अंतर ढकलतो, शिवाय काडतुसांचे फिरते चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतून तो निसटतो. कार्बाइनच्या १८-२० इंची बंद नळीत तोच वायू गोळीला जास्त वेळ रेटत राहतो. त्यामुळे .४४ ची २४० ग्रेन (सुमारे १५.५ ग्रॅम) वजनाची गोळी रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला साधारण १,३५० फूट वेगाने सुटते, तर कार्बाइनमधून तिचा वेग १,७५० फुटांच्या आसपास जातो. .३५७ च्या १५८ ग्रेन गोळीचा फरक आणखी मोठा आहे : सुमारे १,२५० वरून १,८०० फूट.

वेग वाढला की काम आपोआप चांगले होते, असे नाही. पोकळ टोकाच्या बऱ्याच गोळ्या रिव्हॉल्व्हरच्या वेगाला फुलाव्यात अशा बेताने घडवलेल्या असतात. कार्बाइनच्या वेगाने त्या कातडीखाली शिरताच फुटून विखुरतात. खांद्याच्या हाडावर बसली तर अशी गोळी फुप्फुसापर्यंत पोचतच नाही, आणि जखमी हरीण मैलभर पळून कुठेतरी झुडपात हाल होऊन मरते. म्हणून हरणासाठी तांब्याचे जाड आवरण आणि टोकाला उघडे शिसे असलेली गोळी अधिक भरवशाची. ती सावकाश फुलते, खोल जाते आणि बहुतेक वेळा आरपार निघते. दोन बाजूंनी रक्त पडल्यामुळे माग काढणे सोपे जाते. .३५७ मध्ये १५८ ते १८० ग्रेन आणि .४४ मध्ये २४० ग्रेन वजनाची अशी गोळी बहुतेकांना पुरते. कठीण मिश्रशिशाची, चपट्या टोकाची ओतीव गोळी जवळपास फुलतच नाही; ती सरळ खोल भोक पाडते. नेम बरोबर असेल तर तीही चालते, पण हरणासारख्या सडपातळ जनावरासाठी फुलणारी गोळी केव्हाही बरी.

गोळी ठरली तरी ती आपल्या रायफलीला मानवते का, हे पाहावे लागते. बहुतेक लिव्हर रायफलींचे मॅगझिन (काडतुसे साठवण्याची जागा) नळीच्या खाली नळकांड्यासारखे असते. त्यात एका काडतुसाच्या गोळीचे टोक पुढच्याच्या प्रायमरला (बुडाशी असलेल्या, आघाताने पेटणाऱ्या टोपीला) टेकलेले असते. टणक व टोकदार गोळी असेल तर धक्क्याने मॅगझिनमध्येच बार होण्याचा धोका असतो, म्हणून चपट्या टोकाच्या किंवा मऊ रबरी टोकाच्याच गोळ्या वापरायच्या. धक्क्याने गोळी पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या कवचात) आत सरकू नये यासाठी पुंगळीची कड गोळीवर घट्ट वळवलेली हवी. काडतूस ठरल्या लांबीपेक्षा जास्त असेल, तर लिव्हर ओढताना ते अडकते. रुगरच्या जुन्या स्वयंभरणी कार्बाइनमध्ये आवरण नसलेल्या शिशाच्या गोळ्या टाळायच्या असतात, कारण शिसे वायूच्या छिद्रात साचते.

नळीतील पेचांचाही, म्हणजे गोळीला गरगर फिरवून स्थिर ठेवणाऱ्या आतल्या मळसूत्री खाचांचाही, विचार करावा लागतो. जुन्या मार्लिन १८९४ मध्ये ३८ इंचांत एक फेरा पडतो. २४० ग्रेनच्या गोळीला तेवढा पुरतो, पण ३०० ग्रेनच्या लांब गोळ्या त्यात अनेकदा स्थिर होत नाहीत आणि लक्ष्यावर विखुरतात. २० इंचांत एक फेरा असलेल्या नळीत ही अडचण येत नाही. दोन-तीन बनावटींची एकेक पेटी आणून कागदी लक्ष्यावर पडताळणे हाच खात्रीचा मार्ग.

अंतराबाबत या काडतुसांकडून फार अपेक्षा ठेवू नये. गोळी बोथट असल्याने तिचा वेग झपाट्याने उतरतो. १,७६० फुटांनी निघालेली .४४ ची गोळी १०० यार्डांवर १,३८० फुटांवर येते. तिथे नेम जुळवलेला असला, तरी २०० यार्डांवर ती सुमारे दीड फूट खाली जाते. हरणाच्या हृदय-फुप्फुसाची जागा जेमतेम आठेक इंचांची, म्हणजे तेवढ्या अंतरावर बार टाकणे जनावरावर अन्यायच. .४४ ची मर्यादा सव्वाशे यार्ड धरावी, .३५७ ची पाऊणशे. कोलोरॅडो राज्याच्या नियमानुसार हरणासाठी १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड ऊर्जा लागते. .४४ च्या प्रचलित काडतुसाचा छापील आकडा १,०१५, म्हणजे ते जेमतेम बसते; .३५७ चा आकडा ७०० च्या आसपास असल्याने ते बाद होते.

मध्यपश्चिमेतील सपाट शेतीच्या राज्यांत मात्र कायद्याचा कल उलटा आहे. लांब जाणारी रायफलीची गोळी वस्तीत पोचू नये म्हणून तिथे वर्षानुवर्षे मुख्यतः शॉटगनलाच परवानगी होती. सरळ भिंतींच्या पुंगळीची काडतुसे (.३५७ व .४४ ही त्यांतलीच) ओहायो आणि दक्षिण मिशिगनमध्ये २०१४ पासून चालू लागली, आणि .३५७ व .४४ च्या कार्बाइनींना नवी मागणी आली. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार हरणांच्या शिकारीला बंदी आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी शिकाऱ्यांनी आपल्या राज्याची त्या हंगामाची नियमपुस्तिका पाहावी.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद आहेत. शिकाऱ्यांनी टाकून दिलेली, गोळीचे कण राहिलेली आतडी खाऊन काँडोर गिधाडांना शिशाची विषबाधा होत असे. तिथे संपूर्ण तांब्याची गोळी घ्यावी लागते. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते, आणि जुन्या, सावकाश पेचांच्या नळीत पुन्हा स्थिरतेचा प्रश्न येतो. त्यामुळे .४४ साठी २०० ते २२५ ग्रेनची तांब्याची गोळी निवडणे सोयीचे ठरते.