सासूच्या आधीच्या रोहिणी हट्टंगडी

आमच्या घरी रोहिणी हट्टंगडी म्हणजे सासू. ‘चार दिवस सासूचे’ लागलं की आजी चष्मा पदराने पुसून टीव्हीसमोर बसायची आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम आपोआप माझ्याकडे यायचं. ई टीव्ही मराठीवर २००१ ला सुरू झालेली ही सिरीयल २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांच्या वर एपिसोड, म्हणजे अख्खी एक पिढी शाळेतून नोकरीला लागली एवढा काळ. त्यामुळे आत्ताच्या बऱ्याच लोकांना बाईंचं त्याआधीचं काम माहीतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मूळच्या पुण्याच्या, माहेरच्या ओक. दिल्लीला एनएसडीत, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेल्या, तिथे नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली शिकल्या, जयदेव हट्टंगडीही तिथलेच, पुढे दोघांनी लग्न केलं आणि मुंबईत नाटकं केली. मग १९८२ चा ‘गांधी’. कस्तुरबांची भूमिका, तरुणपणापासून थेट शेवटच्या दिवसांपर्यंत. कस्तुरबा १९४४ मध्ये गेल्या त्या पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, आणि त्यांना पडद्यावर उभं केलं ते पुण्याच्याच मुलीने, हे मला फार भारी वाटतं. या कामासाठी सहाय्यक अभिनेत्रीचा बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचा मोठा सिनेपुरस्कार मिळाला, एका अमेरिकन अभिनेत्रीबरोबर विभागून.

पण झालं काय, की त्यानंतर केस पांढरे करायच्या भूमिकाच जास्त येत गेल्या. ‘सारांश’ १९८४ चा, अनुपम खेर तेव्हा अठ्ठावीसचा आणि या पण तरुणच, पण दोघं शिवाजी पार्कातलं थकलेलं प्रधान जोडपं झालेत. गेलेला मुलगा घरातल्या भाडेकरू पोरीच्या पोटी परत येतोय हे धरून बसलेली ती पार्वती, तिच्या डोळ्यात एकदम जी आशा येते ना ती बघाच. त्याच वर्षीच्या ‘पार्टी’साठी राष्ट्रीय पुरस्कार, ‘अर्थ’मधल्या मोलकरणीसाठी फिल्मफेअर. आणि ‘अग्निपथ’मध्ये तर अमिताभची आई, वयाने त्याच्यापेक्षा लहान असून! ‘चालबाज’मधली खाष्ट बाई तेवढी वेगळी, ती त्यांनी काय मजेत केलीये.

म्हणून मला विचाराल तर टीव्हीने त्यांना न्याय दिला. सिनेमात आई म्हणजे दोन-चार सीन, इथे आशा देशमुख म्हणजे सिरीयलचा कणाच, अख्खं घर तिच्याभोवती फिरणार, सून झालेली कविता लाड पण समोर तेवढीच खमकी. ती सिरीयल संपली त्याच वर्षी झी मराठीवर ‘होणार सून मी ह्या घरची’ आली आणि त्या झाल्या आईआजी, गोखले गृहउद्योगाच्या भागीरथीबाई. नायिका जान्हवीला घरात एवढ्या सासवा, पण शेवटचा शब्द आईआजीचाच.

तोपर्यंत आमची आजी थकली होती, ऐकू कमी यायचं. तरी आईआजी बोलायला लागली की ती मला म्हणायची, आवाज वाढव रे, ही आपली आशा आहे.