स्त्री-मताधिकाराची स्मारकशिल्पे

स्त्रियांच्या मतदानहक्कासाठी झालेल्या चळवळींच्या स्मरणार्थ सार्वजनिक जागी उभारलेल्या पुतळे, उत्थितशिल्पे (सपाट पृष्ठभागावर उठावात घडवलेली शिल्पे), भित्तिचित्रे इत्यादी कलाकृतींना ही संज्ञा लावता येते. हक्क मिळाल्यानंतर लगेच उभी राहिलेली स्मारके थोडी असून बरीचशी स्मारके शताब्दीच्या निमित्ताने, म्हणजे १९९० नंतर, उभारली गेली.

आरंभीच्या स्मारकांत अमेरिकी शिल्पकर्ती ॲडलेड जॉन्सन यांचे संगमरवरी शिल्प महत्त्वाचे आहे. अमेरिकी चळवळीच्या नेत्या ल्युक्रेशिया मॉट, एलिझाबेथ केडी स्टँटन व सुझन बी. अँथनी यांचे अर्धपुतळे त्यात एकाच शिळेतून वर आलेले दिसतात आणि त्यांच्यामागे दगडाचा काही भाग न घडवता ठेवला आहे. १५ फेब्रुवारी १९२१ रोजी ते वॉशिंग्टनच्या संसदभवनातील घुमटाखालच्या दालनात समारंभपूर्वक स्वीकारले गेले, पण लवकरच तळघरात हलवण्यात आले. मूळ दालनात ते परतले ते थेट १९९७ मध्ये.

लंडनमध्ये ब्रिटिश चळवळीच्या नेत्या एमेलीन पँकहर्स्ट यांचा पुतळा १९३० मध्येच संसदेलगतच्या उद्यानात बसवला गेला. संसद चौकात मात्र स्त्रीचा पहिला पुतळा उभा राहायला २०१८ साल उजाडले. गिलियन वेअरिंग यांनी घडवलेल्या या पुतळ्यात ब्रिटिश चळवळीच्याच दुसऱ्या नेत्या मिलिसेंट फॉसेट हाती फलक धरून उभ्या आहेत आणि चौथऱ्यावर मताधिकाराच्या इतर पुरस्कर्त्यांची नावे व चित्रे आहेत.

व्यक्तीऐवजी सामूहिक कृतीला केंद्रस्थानी ठेवणारी शिल्पे विषयाला अधिक न्याय देतात, कारण हा लढा सभा, मोर्चे आणि विशेषतः सह्यांच्या अर्जांतून लढला गेला. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात १८९१ मध्ये जमवलेल्या सुमारे ३०,००० सह्यांच्या अर्जाची गुंडाळी तब्बल २६० मीटर लांब होती. मेलबर्नमधील २००८ चे शिल्प म्हणजे याच अर्जाची उलगडत जाणारी प्रतिमा असून त्यात एकाही नेत्याचा चेहरा नाही. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या १९९३ मधील ब्राँझ उत्थितशिल्पात तेथील चळवळीच्या नेत्या केट शेपर्ड व त्यांच्या सहकारी दिसतात, आणि त्यांच्याबरोबर गाडीवरून निघालेला अर्जही.

कोणाला स्थान द्यायचे, हा या स्मारकांचा सर्वांत वादग्रस्त प्रश्न होय. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील शिल्पाच्या मूळ आराखड्यात केवळ स्टँटन व अँथनी होत्या. कृष्णवर्णीय स्त्रियांचे योगदान झाकले जाते, अशी टीका झाल्यावर त्यात कृष्णवर्णीय कार्यकर्त्या सोजर्नर ट्रूथ यांचा समावेश झाला आणि २६ ऑगस्ट २०२० रोजी, स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या अमेरिकी घटनादुरुस्तीच्या शताब्दीला, तिघींच्या शिल्पाचे अनावरण झाले.