पोर्तुगीजची ‘सिप्ले’ परीक्षा: अर्ज, कागदपत्रं आणि अर्ज कुठं अडतो

पोर्तुगीजची पाटी कोरी असेल तर आधी एवढंच ठरवा: जायचं पोर्तुगालला की ब्राझीलला. ब्राझीलची सरकारी परीक्षा सेल्पी-ब्रास. तिची प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच, पातळी गुणांवरून ठरते आणि सगळ्यात खालचं प्रमाणपत्रसुद्धा मध्यम पातळीचं. नवख्यानं सध्या तिच्या वाटेला जाऊ नये.

पोर्तुगालसाठी लिस्बन विद्यापीठाचं ‘कापले’ केंद्र सहा पातळ्यांच्या परीक्षा घेतं. पहिली ‘आसेसु’ (ए१), दुसरी ‘सिप्ले’ (ए२). आधी पहिली पास असली पाहिजे अशी अट नाही. पोर्तुगीज नागरिकत्वाच्या अर्जाला भाषेचा पुरावा म्हणून सिप्ले चालते, त्यामुळं बहुतेक जण थेट तीच देतात. शाळकरी मुलांसाठी तिची वेगळी आवृत्ती आहे.

कागद म्हणाल तर खरा कागद एकच, पासपोर्ट. तो नसेल तर पहिले दोन-तीन महिने त्यातच जातील असं धरा. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये. दहावीची मार्कशीट जोडली म्हणजे इमिग्रेशन तपासणीचा शिक्का (काही देशांत कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागेल असा) टळतो. घोळ होतो तो नावात. मार्कशीटवर ‘राऊत प्रवीण देवराव’, आधारवर ‘प्रवीण देवराव राऊत’, टीसीवर वडिलांचं नावच वेगळ्या स्पेलिंगनं. हे आधी एकसारखं करून घ्या, मगच पासपोर्टचा अर्ज.

परीक्षेचा अर्ज कापलेच्या संकेतस्थळावर भरायचा: परीक्षा, तारीख, केंद्र निवडा, माहिती भरा, शुल्क भरा, पोच छापून ठेवा. ‘नोम प्रॉप्रियु’ म्हणजे स्वतःचं नाव. वडिलांचं नाव पासपोर्टात त्याच रकान्यात असेल तर इथंही तिथंच. ‘अपेलीदु’ म्हणजे आडनाव. ब्राझीलमध्ये याच शब्दाचा अर्थ टोपणनाव होतो, म्हणून मोबाइलवरच्या भाषांतरावर विसंबून इथं ‘पप्पू’ लिहू नका. ‘नातुरालिदाद’ म्हणजे पासपोर्टवरचं जन्मगाव; नागरिकत्व नव्हे, त्याचा रकाना वेगळा आहे.

शुल्क युरोत असतं. गावच्या शाखेनं दिलेलं कार्ड बहुतेक वेळा परदेशी व्यवहाराला बंद असतं. २०२० पासून ही सोय ग्राहकानंच चालू करून घ्यायची आहे. बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत जाऊन आदल्या दिवशीच चालू करा. सेतू केंद्रावाल्याच्या कार्डावरून भरलंत तर पैसे परत यायची वेळ आल्यावर ते त्याच्याच खात्यात जातील.

सिप्लेत वाचन-लेखनाला ४५ टक्के वजन आणि सव्वा तास, ऐकण्याला ३० टक्के आणि अर्धा तास, बोलण्याला २५ टक्के. पास व्हायला एकूण ५५ टक्के लागतात. नवखा माणूस बहुधा ऐकण्यात मार खातो. चावी, पगार, बादली हे शब्द मराठीत पोर्तुगीजमधूनच आले, त्यामुळं कागदावर ते ओळखू येतात. पण लिस्बनचा माणूस स्वर गिळतो: चावीचं ‘शाव्’ आणि टेलिफोनचं ‘त्लफॉन्’ होतं. फुकटच्या ॲपवर बहुधा ब्राझीलचा उच्चार असतो, तिथं हाच शब्द मोकळा ‘टेलेफोनी’ ऐकू येतो. म्हणून सराव पहिल्या दिवसापासून पोर्तुगालच्या रेडिओ-बातम्यांवर करा.

रोज तासभर दिला तर शून्यापासून सहा-सात महिने लागतात. नोव्हेंबरचं सत्र धरलंत तर कापूस वेचणी नेमकी त्यातच येते. घरी शेती असेल तर उन्हाळ्यातलं सत्र बघा.