लिव्हर किती कडक? सोनोग्राफीच्या आकड्यामागची भानगड

एक रिपोर्ट पुण्याचा नाहीतर हैदराबादचा आणि एक सोलापूरचा, असे दोन कागद घेऊन येणारा पेशंट आता काही नवीन राहिला नाही. एकावर लिव्हरचा कडकपणा 9 केपीए (किलोपास्कल, दाबाचं एकक), दुसऱ्यावर 12, मधे जेमतेम काही आठवडे गेलेले, आणि घरच्यांचा सवाल एकच, यातला खरा कुठला? गंमत म्हणजे दोन्ही खरे असू शकतात. असं का होतं हे कळायला हा आकडा आला कुठून ते बघावं लागतं.

फार जुनं थोडक्यात उरकतो. पोटावर हात ठेवून लिव्हर दगडासारखं लागतं का ते बघायचं, ही पद्धत वैद्यकाइतकीच जुनी. नंतर बायोप्सी आली, पण सुईत येणारा तुकडा अख्ख्या लिव्हरच्या साधारण 50 हजाराव्या भागाएवढा, त्यामुळे तिचाही भरवसा तेवढाच. 1991 च्या आसपास अमेरिकेत ह्यूस्टनला एका गटाने सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे अंगावर टेकवतात तो दांडा, थोडा दाबून, दाबण्याआधीचा आणि नंतरचा सिग्नल ताडून, कुठला भाग कमी दबला याचं चित्र काढलं. चित्र छान यायचं, आकडा मात्र यायचा नाही, कारण हाताने किती जोर दिला हे मशीनला कळायला मार्गच नव्हता. ब्रेस्ट आणि थायरॉइडला ही पद्धत अजून वापरतात आणि दुखणंही तेच आहे, प्रोब जरा जास्त दाबला की बिचारी साधी गाठसुद्धा कडक दिसायला लागते.

खरा आकडा आला 2003 च्या सुमारास, फ्रान्समधून, आपण ज्याला सरसकट फायब्रोस्कॅन म्हणतो त्याच्यासोबत. बरगड्यांच्या फटीतून कातडीवर 50 हर्ट्झचा एक छोटा ठोका द्यायचा आणि त्याने आत निघालेली आडवी लाट, म्हणजे शिअर वेव्ह, किती वेगाने पळते ते अल्ट्रासाऊंडने मोजायचं. मागावर ताणून बसवलेल्या सुताला टिचकी मारली की थरथर सर्रकन पुढं जाते, ढिल्या सुतात ती रेंगाळते, एवढंच ते तत्त्व. पुढं साध्या सोनोग्राफी मशीनमध्येही ही सोय आली, तिथे बाहेरून ठोका नसतो, मशीन अल्ट्रासाऊंडच्याच जोरदार पल्सने आतल्या आत धक्का देते आणि समोर चित्रही दिसत असतं. फायब्रोस्कॅनच्या पद्धतीत चित्र नाही आणि पोटात पाणी झालेलं असेल तर मोजमापच होत नाही, कारण बाहेरच्या ठोक्याची आडवी लाट पाण्यातून पुढं जात नाही.

सुरुवातीची काही वर्षं सगळे खुश होते, आकडा वाढला म्हणजे फायब्रोसिस, म्हणजे लिव्हरमध्ये साचणारे व्रणासारखे कडक धागे, वाढला असा सरळ हिशोब. 2007 ते 2010 या काळात तो हिशोब एकेक करून मोडला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला कामाचा भाग हाच आहे. आधी लक्षात आलं की कावीळ जोरात असताना, रक्तातले लिव्हरचे एन्झाइम्स खूप चढलेले असताना, चांगल्या लिव्हरचासुद्धा आकडा सिरॉसिससारखा, म्हणजे फायब्रोसिसच्या शेवटच्या टप्प्यासारखा, येतो आणि कावीळ उतरली की आकडाही उतरतो. मग पित्ताची नळी अडलेले पेशंट निघाले, त्यांची नळी मोकळी केली की कडकपणा कमी. 2010 मध्ये डुकरांवर प्रयोग झाला, लिव्हरमधून रक्त बाहेर नेणारी शीर चिमट्याने दाबली की आकडा वर, सोडली की खाली, म्हणजे हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये आपण लिव्हर मोजतोय की हार्टचा बॅकप्रेशर हाच प्रश्न. दारूचंही तसंच, नुसती बंद केली तरी काही दिवसांत आकडा खाली येतो, फायब्रोसिस तेवढ्या दिवसांत कुठं जात नाही.

आणि जेवण. जेवल्यावर आतड्यांकडून लिव्हरला येणारं रक्त वाढतं आणि आकडा चढतो, आधीच लिव्हरचा आजार असेल तर जास्तच, खाली यायला दोन-तीन तास जातात. म्हणून युरोपवाले किमान दोन-तीन तास उपाशी म्हणतात, अमेरिकेतले चार तास. आपल्याकडे अडचण वेगळीच, अक्कलकोट, मंगळवेढा, पार विजापूरकडून पहाटेच्या गाडीने निघालेला माणूस स्टँडवर उतरला की आधी पोटात काहीतरी ढकलतोच, आणि मग आत येऊन म्हणतो, साहेब जेवलो नाही, नुसता चहा आणि दोन भजी घेतली. डायबेटिसवाल्याला उपाशी ठेवणंही सोपं नाही, तेव्हा सकाळचा पहिला नंबर देणं एवढंच हातात असतं.

मोजणाऱ्याच्या हातातले घटकही आहेत, ते पटकन सांगतो. पेशंट उताणा, उजवा हात डोक्यामागे, श्वास मध्येच थांबवलेला, खोल ओढून नाही. लिव्हरच्या कडेपासून दीड-दोन सेंटिमीटर आत, मोठ्या शिरा टाळून, उजव्याच बाजूला, कारण लिव्हरच्या डाव्या लोबला, म्हणजे डाव्या भागाला, हार्टचे धक्के बसतात. नेहमीचा प्रोब कातडीखाली 25 ते 65 मिलिमीटर मोजतो, जाड माणसात एवढ्यात चरबीच येते, म्हणून 35 ते 75 वाला मोठा प्रोब काढावा लागला. 2010 मध्ये 13 हजारांवर तपासण्यांचा हिशोब आला, त्यात साधारण 3 टक्क्यांत आकडाच मिळाला नव्हता आणि जवळजवळ 16 टक्क्यांत मिळाला तो भरवशाचा नव्हता, मोठं कारण लठ्ठपणा.

आता ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त घोळ घातला तिच्याकडे येतो, ती म्हणजे केपीए. मशीन मोजतं फक्त वेग, मीटर पर सेकंदमध्ये. केपीए हे मोजलेलं नसतं, काढलेलं असतं, वेगाचा वर्ग करून तीनने गुणून. 1 मीटरचे 3 केपीए, 2 चे 12, 3 चे 27. हे गणित कधी बरोबर, तर लिव्हर सगळीकडे एकसारखं, सगळ्या दिशांना सारखं, पूर्ण लवचिक, दाबून आकसणारं नाही आणि घनता पाण्याएवढी असेल तर. लिव्हर यातलं बरंचसं आहे पण पूर्ण लवचिक नक्कीच नाही, त्याला चिकटपणा आहे. स्नायूचं तर विचारूच नका, तिथे धाग्यांच्या दिशेने लाट वेगळी पळते आणि आडवी वेगळी. तरी पहिल्या मशीनने केपीए दाखवायचं ठरवलं, बाकी कंपन्यांनी कुणी मीटर, कुणी केपीए, कुणी दोन्हीचं बटण दिलं, आणि डॉक्टरांना केपीए तोंडपाठ झालं.

वर्ग केल्यामुळे काय होतं बघा. वेगात 10 टक्के चूक झाली की केपीएमध्ये ती 21 टक्के दिसते. दहा रीडिंग घेऊन त्यातल्या मधल्या निम्म्यांचा पसारा मधल्या आकड्याच्या 30 टक्क्यांच्या आत हवा, असा जो आयक्यूआरचा नियम सगळे सांगतात, तो केपीएचा नियम आहे, वेगासाठी तो 15 टक्के आहे. समजा मधला वेग 2 आणि पसारा 1.9 ते 2.1, म्हणजे 10 टक्के. तेच केपीएमध्ये 12 आणि 10.8 ते 13.2, झाले 20 टक्के. पेशंट तोच, लाट तीच. पण मीटरवाल्या रिपोर्टला कुणी 30 चा नियम लावला तर केपीएत 60 टक्क्यांपर्यंत पसरलेला रिपोर्टसुद्धा पास होतो, आणि असं लावलेलं बघायला मिळतं. पूर्वी दहातले किमान 60 टक्के शॉट लागले पाहिजेत असाही नियम होता, 2013 च्या आसपास तो काही कामाचा नाही असं निघालं आणि तो मागं पडला, आयक्यूआर राहिला.

त्यात एमआर इलास्टोग्राफीने, म्हणजे एमआरआय मशीनवर कडकपणा मोजण्याने, भर घातली. तीही केपीएच लिहिते, पण तो शिअर मॉड्युलस असतो, आपला यंग्ज मॉड्युलस, कडकपणा मोजायची ही दोन वेगळी मापं, यंग्ज साधारण तिप्पट मोठा. एमआरवर 5 केपीए म्हणजे सिरॉसिसची पातळी, फायब्रोस्कॅनवर 5 म्हणजे ठणठणीत. मुंबईहून एमआरचा रिपोर्ट घेऊन आलेल्या माणसाला इथं कुणी घाईत सांगून टाकलं की काही नाही, सगळं नॉर्मल आहे, तर सांगणाऱ्याची काय चूक? मला विचाराल तर सुरुवातीपासून सगळ्यांनी वेगच लिहायला हवा होता. दुसरी बाजूही आहे, आधीचे सगळे अभ्यास केपीएत झालेत, कटऑफ त्यातच बसलेत, आणि कडकपणा म्हटलं की दाबाचं एकक डोक्यात बसतं, वेग बसत नाही. ते मान्य. पण जे मोजलं ते लिहा, एवढं म्हणणं काही फार नाही.

बरं, सगळ्यांनी वेग लिहिला असता तरी वाद पूर्ण मिटला नसता. चिकटपणामुळे लाटेचा वेग फ्रिक्वेन्सीवर अवलंबून राहतो, बाहेरचा ठोका 50 हर्ट्झचा, आतला धक्का त्याहून बराच वरच्या आणि रुंद पट्ट्यातला, त्यामुळे एकाच लिव्हरवर दोन मशीन प्रामाणिकपणे दोन वेग दाखवतात. म्हणून दरवेळी त्याच मशीनवर तपासा असं सांगतात.

2020 मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांनी आतल्या धक्क्याच्या मशीनसाठी चार-चारच्या टप्प्याचा नियम काढला, 5, 9, 13, 17 केपीए, शेजारी वेगही दिला, 1.3, 1.7, 2.1, 2.4. पुढच्याच वर्षी युरोपातल्या लिव्हरवाल्यांनी फायब्रोस्कॅनसाठी पाच-पाचचा आणला, 10, 15, 20, 25. म्हणजे 14 आलेला पेशंट पहिल्या नियमाने गंभीर आजारात धरला जातो, दुसऱ्याने नुसता संशयात. कुठला लावायचा हे 14 कुठल्या मशीनवर आलं त्यावर ठरतं, आणि आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच रिपोर्टवर मशीनचं नावच लिहिलेलं नसतं, उपाशी होता का हेही नाही.