वीस मिनिटं नळी हलवायची नाही

आमच्याकडं शेताची लाइट रात्रीची असली की उसाला पाणीही रात्रीच पाजावं लागतं. तीन पावसाळ्यांमागं माझा चुलतभाऊ असाच दारं धरायला गेला होता. सरीत पाय टाकला आणि घोट्याजवळ काहीतरी चावलं. बॅटरीच्या उजेडात त्याला जाडजूड अंग आणि पाठीवरच्या साखळीसारख्या खुणा दिसल्या. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कारही ऐकू आला. गावातला एकजण म्हणाला, ‘डुरक्या असंल, काय होत न्हाई.’ डुरक्या घोणस बिनविषारी असते आणि खरी घोणस अत्यंत विषारी. नावाच्या या साम्यानं किती घोटाळा होत असेल, हे मला त्या रात्री कळलं.

कोल्हापूरला दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी साप कुठला, यावर फार वेळ घालवला नाही. त्यांनी भावाच्या शिरेतून दोन मिली रक्त काढून काचेच्या कोरड्या नळीत घातलं. मग मला बसवलं आणि तेवढंच रक्त माझंही काढून दुसऱ्या नळीत घातलं. दोन्ही नळ्या स्टँडला उभ्या केल्या. सिस्टर म्हणाल्या, ‘दादा, आता वीस मिनिटं ह्यांना कुणी हात लावायचा नाही.’

वीस मिनिटांनी त्यांनी माझी नळी तिरकी केली. रक्ताचा गोळा जागचा हलला नाही. भावाची नळी तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं.

या चाचणीला ना यंत्र लागतं, ना वीज. घोणशीच्या विषात रक्त गोठवणाऱ्या साखळीतल्या दोन कड्यांना, म्हणजे दहाव्या आणि पाचव्या घटकाला, चेतवणारी प्रथिनं असतात. ती शिरली की रक्तात जागोजागी गोठण्याची क्रिया सुरू होते आणि थोड्याच वेळात त्यासाठी लागणारं फायब्रिनोजेन संपून जातं. फायब्रिनोजेन म्हणजे गुठळी विणणारा धागा. धागाच उरला नाही की रक्त गोठत नाही. मग हिरड्यांतून, लघवीतून आणि कधी मेंदूतही रक्तस्राव होतो. नळीतलं ते वाहतं रक्त म्हणजे धागा संपल्याची खूण. फुरसं चावल्यावरही हेच दिसतं.

ही पद्धत डेव्हिड वॉरेल या ब्रिटिश डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात उत्तर नायजेरियात रुळवली. तिथल्या ग्रामीण रुग्णालयात फुरशासारख्या सापाचे रुग्ण येत आणि मोठी प्रयोगशाळा जवळपास नसे. रुग्णाच्या उशाशी बसून काय करता येईल, या विचारातून ही नळी आली. एरवी संशोधन म्हटलं की डोळ्यांपुढं बंद दारामागची चकचकीत यंत्रं येतात. मला मात्र खाटेशेजारी घड्याळ लावून केलेलं हे काम तितकंच मोठं वाटतं.

नळी काचेचीच का, याचं उत्तर अमेरिकेतल्या एका रेल्वे कामगाराकडं सापडतं. जॉन हेजमन क्लीव्हलंडमधल्या रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी आला होता. नेहमीच्या तपासणीत त्याचं रक्त काचेच्या नळीत गोठायलाच तयार होईना. गंमत म्हणजे आयुष्यात त्याला कधी जादा रक्तस्राव झालेला नव्हता. ऑस्कर रॅटनॉफ यांनी या कोड्याचा पिच्छा पुरवला आणि 1955 मध्ये रक्तातल्या एका नव्या घटकाची नोंद झाली. आज त्याला बारावा घटक किंवा हेजमन घटक म्हणतात. काचेच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. त्याच्या स्पर्शानं हा घटक जागा होतो आणि गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकला ते जमत नाही. साबणानं किंवा डिटर्जंटनं धुतलेल्या काचेलाही नीट जमत नाही. अशा नळीत निरोग्याचं रक्तसुद्धा वीस मिनिटांत पातळच राहू शकतं, आणि मग विनाकारण प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, दिलं जातं. माझं रक्त घेतलं होतं ते यासाठीच. ते गोठलं, म्हणजे नळी चांगली होती.

इतकी सोपी चाचणीसुद्धा कशी फसते, हे श्रीलंकेतल्या अभ्यासांनी दाखवलंय. वॉर्डातल्या धावपळीत केलेल्या चाचणीनं घोणसदंशानं रक्त बिघडलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त निसटू दिले. नंतर दुसऱ्या अभ्यासात प्रशिक्षित माणसांनी ठरलेल्या मापाचं रक्त ठरलेल्या नळीत घालून नेमकी वीस मिनिटं मोजली, तेव्हा तीच चाचणी दहातले आठ रुग्ण पकडू लागली. चाचणी बदलली नव्हती, करणाऱ्याचा हात बदलला होता. तरीही दोन रुग्ण निसटतातच, म्हणून रक्त गोठलं तरी रुग्णाला लगेच घरी सोडत नाहीत. नाग आणि मण्यार यांचं विष मुख्यतः मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर बसतं, त्यामुळं तिथं ही नळी उपयोगाची नाही. तिथं पापण्या जड होतात का, गिळता येतं का, श्वास किती खोल जातो, हे बघत राहावं लागतं.

भावाला पहिल्यांदा प्रतिसर्पविषाच्या दहा वायल, म्हणजे छोट्या बाटल्या, दिल्या. हा आकडा मला उगाच ठोकलेला वाटला होता. नंतर वाचल्यावर त्यामागचा हिशोब कळला. घोणस एका दंशात सरासरी 63 मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. आपल्याकडच्या प्रतिसर्पविषाचा एक मिली तिचं 0.6 मिलिग्रॅम विष निकामी करतो. दहा मिलीच्या वायलला 6 मिलिग्रॅम, म्हणजे साधारण दहा वायल. लहान मुलालाही डोस तेवढाच, कारण साप वजन बघून विष सोडत नाही.

हे औषध घोड्यांच्या रक्तातून बनतं. घोड्याला थोडं थोडं विष टोचत गेलं की त्याच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होतात, ती वेगळी काढून शुद्ध करतात. आपल्या देशातलं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. त्यासाठी लागणारं बहुतेक विष तामिळनाडूतल्या इरुला सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येतं. इथं एक अडचण आहे. एकाच जातीच्या सापाचं विष प्रांताप्रांतांत बदलतं, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधनानं स्पष्ट केलंय. कुठल्या भागातल्या सापाला हे औषध किती पुरतं, हे तपासूनच कळतं. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातल्या चापडा या सापाचं तर विष या औषधात मुळी नाहीच.

भारतात 2000 ते 2019 या काळात वर्षाला सरासरी 58 हजार माणसं सर्पदंशानं गेली, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली बहुतेक खेड्यातली. शाहूवाडी, गगनबावडा, आजरा, चंदगड, कुठूनही रुग्ण आला तरी कुठल्या शिवारात चावलं, किती वेळानं आला, नळीत काय दिसलं आणि किती वायल लागल्या, या चार ओळी प्रत्येक दवाखान्यानं जपून ठेवाव्यात, असं मला कळकळीनं वाटतं. अशा शेकडो कागदांतूनच पुढचं औषध कुठल्या सापांच्या विषावर बनवायचं, हे ठरेल. रुग्णाच्या बाजूनंही एवढं व्हावं: जखम कापू नये, आवळून बांधू नये, साप मारून आणायला जाऊ नये. पाय हलू न देता वाहन मिळेल तसं, वडाप असो की 108 असो, दवाखाना गाठावा.

डोस संपला तेव्हा पहाट झाली होती. मी लगेच विचारलं, ‘आता गोठेल ना?’ डॉक्टर म्हणाले, ‘लगेच नाही.’ औषध फक्त विषाला बांधतं, संपलेला धागा यकृताला नव्यानं तयार करावा लागतो, आणि त्याला सुमारे सहा तास जातात. त्याआधी पुन्हा डोस देऊन उपयोग नसतो. मग सहा तासांनी दुसरी नळी भरली. रक्त अजून पातळ होतं. त्यांनी आणखी औषध चढवलं. संध्याकाळी तिसरी नळी उभी केली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसलो होतो. वीस मिनिटांनी सिस्टरनी ती हळूच तिरकी केली, मग आणखी थोडी तिरकी केली. गडद लाल गोळा नळीच्या तळाशी तसाच चिकटून राहिला.