उड्डाण-जॅकेट, मेंढीच्या कातड्याचे : प्रतिकृतींचे जुने होणे

दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांच्या जॅकेटांबरहुकूम आज शिवल्या जाणाऱ्या जॅकेटांत वापरामुळे होणारे बदल. ही जॅकेटे लोकर न काढता कमावलेल्या मेंढीच्या कातड्याची असतात. लोकर आत, अंगालगत येते आणि कातड्याची मांसाकडची बाजू बाहेर राहते. जॅकेट कसे जुने होणार, हे बरेचसे या मांडणीवरच ठरते.

मूळ नमुने मुख्यतः दोन. १९१९ मध्ये विमानातून उडी मारून हवेत स्वतः पॅराशूट उघडणाऱ्या लेस्ली अर्विन या अमेरिकनाने १९२६ मध्ये इंग्लंडमधील लेचवर्थ येथे पॅराशूटचा कारखाना काढला. ब्रिटिश हवाई दलाचे अर्विन जॅकेट त्याचेच. अमेरिकेचे बी-३ हे १९३४ चे. साडेसात हजार मीटर उंचीवर तापमान उणे ३४° से.पर्यंत उतरते आणि सुरुवातीच्या बी-१७ बाँबफेकी विमानांत बाजूच्या तोफचींच्या खिडक्या उघड्याच असत. इतके अवजड कपडे लागले ते म्हणून. इंग्लंडमधील ईस्टमन, स्कॉटलंडमधील एरो, जपानमधील रिअल मकॉयज आणि बझ रिक्सन्स हे प्रतिकृतींचे नावाजलेले उत्पादक आहेत.

गाईच्या किंवा घोड्याच्या चामड्याला वापराने जी झळाळी चढते, ती येथे शोधू नये. त्या चामड्यात बाहेर दिसतो तो कातड्याचा वरचा, घट्ट थर. या जॅकेटात तो थर लोकरीच्या मुळाशी दडलेला असतो. बाहेरची बाजू घासून मऊ केलेली आणि वर रंगाचा लेप चढवलेली असते. त्यामुळे आधी म्हातारा होतो तो लेप, कातडे नव्हे. नवे जॅकेट इतके ताठ असते की हात जेमतेम दुमडतो. काही हिवाळ्यांत कोपराच्या आतल्या बाजूला आडव्या घड्या कायमच्या बसतात. घडीच्या माथ्यावर लेपाला बारीक भेगा जातात, मग भिंतीवरील रंगासारखे त्याचे पोपडे सुटतात. कातडे आरपार रंगवलेले असेल तर भेगेतून तपकिरी छटा दिसते; नुसता वरून लेप असेल तर फिकट, जवळजवळ पांढरी रेघ उमटते. बाही जवळून पाहिली तर जॅकेट कसे बनवले आहे ते या एका रेघेवरून कळते.

लोकरही बदलते. कॉलरवर, मनगटाशी आणि पाठीच्या खालच्या भागात ती दबून तिच्या गुठळ्या होतात. उन्हाने पिवळी पडते. मानेशी घाम आणि तेल लागून कॉलरचे कातडे काळवंडते. उत्पादक हल्ली मुद्दाम घासून ‘जुनी’ केलेली जॅकेटेही विकतात. ती क्वचितच पटतात, कारण घासलेल्या खुणा सर्वत्र सारख्या पडतात. खरी झीज मात्र घालणाऱ्याच्या सवयीनुसार होते : ज्या हाताने चेन ओढतो त्या बाजूची कड आधी उघडी पडते, मोटारीच्या पट्ट्याखालचा खांदा आधी गुळगुळीत होतो.

लेपाच्या भेगा म्हणजे बिघाड नव्हे. धोका शिवणीत असतो. मेंढीच्या कातड्यात चरबी पुष्कळ आणि तंतूंची वीण सैल, त्यामुळे ते मुळातच नाजूक. काखेत किंवा पाठीवर टाक्यांच्या भोकांच्या रांगेतून ते फाटते. बी-३ च्या शिवणींवर चामड्याच्या पट्ट्या असतात त्या ही ओढ झेलण्यासाठीच. भिजलेले जॅकेट हीटरजवळ वाळवले तर कातडे आकसून कडक होते आणि ते पुन्हा मऊ होत नाही. कमावताना मुरवलेले तेल वर्षानुवर्षांत कमी होते, म्हणून अधूनमधून थोडे मलम चोळतात. मात्र अती तेलाने कातडे काळे व लिबलिबीत होते आणि तेल लोकरीत झिरपते. लोकर कसरीचे खाद्य आहे, तर मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बंद कपाटात कातड्यावर बुरशी धरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळल्यास आणखी लवकर. रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर, हवा खेळेल अशा जागी ठेवणे उत्तम.

फाटलेल्या जागी आतून लोकर भादरून पातळ चामड्याचे ठिगळ चिकटवतात. वरून नव्याने टाके घालू नयेत, कारण सुईचे प्रत्येक भोक पुढच्या फाटीला वाट करून देते.